हॉटेलात नवं काही सुचायला हवं? आधी रूम बॉयला विचारा

महाबळेश्वरचा पावसाळा म्हणजे खोलीभर ओले कपडे. मी तिथल्या एका हॉटेलात मॅनेजर असताना एका रूम बॉयने स्वतःहून बाथरूममध्ये नायलॉनची दोरी बांधली. पाहुणे खुर्च्यांवर कपडे वाळत घालायचे थांबले. पण टाइलमध्ये खिळा ठोकला म्हणून मालकांनी त्याचा एक दिवसाचा पगार कापला. मी गप्प बसलो, ते आजही खुपतं. त्या पोराने नंतर कधी काही सुचवलं नाही.

म्हणून पहिलं काम हे: चांगल्या हेतूने काही करताना चूक झाली तर पगार कापायचा नाही. हे सगळ्यांसमोर सांगा आणि पाळा.

मग ब्रीफिंग. शिफ्टच्या सुरुवातीला आपण सूचना सुनावतो आणि सगळे पांगतात. त्यातली पाच मिनिटं एका प्रश्नाला द्या: ‘काल पाहुण्यांनी काय मागितलं, जे आपल्याकडे नव्हतं?’ उत्तर वहीत लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. पहिले काही दिवस कुणी बोलणार नाही. भांडी घासणाऱ्या मावशींना कॅप्टनसमोर, म्हणजे वेटरांच्या प्रमुखासमोर, संकोच वाटतो. त्यांना आधी विचारा.

हाती थोडे पैसेही द्या. रिट्झ-कार्लटन या आलिशान हॉटेल साखळीत कर्मचारी वरिष्ठांना न विचारता एका पाहुण्यामागे 2,000 डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. बारा खोल्यांच्या हॉटेलात 300 रुपयांनीही काम भागतं. रात्री दोन वाजता ताप आलेल्या मुलासाठी रिक्षा पाठवून औषध आणायचं, तर मालकांना उठवावं लागू नये. हिशोब सकाळी घ्या.

वहीतली सूचना दोन खोल्यांत पंधरा दिवस करून बघा. नाही जमली तर का, ते सुचवणाऱ्याला समोर बसवून सांगा. उत्तरच आलं नाही की माणूस पुन्हा सांगत नाही.

श्रेय ज्याचं त्याला, तेही लगेच. ताज हॉटेल्सने 2001 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टार्स’ योजनेत पाहुण्यांच्या नि सहकाऱ्यांच्या शाबासकीबरोबरच स्वतःच्या सूचनांनाही गुण मिळत.

आणि माणसं टिकवा. पावसाळ्यात धंदा कमी म्हणून सगळ्यांना गावी धाडलं, की वर्षभराची जाण त्यांच्याबरोबर जाते. निदान दोघा-तिघांना पूर्ण पगारावर ठेवा. तेव्हा खोल्या रिकाम्या असतात, नवं करून बघायला सवड तेव्हाच मिळते.