सिट्रुलिन पाजण्याआधी पाइपातलं पाणी हाताला लावून बघा

पारा ४२च्या वर गेला की दुपारी शेडमध्ये एकच आवाज असतो, पक्ष्यांच्या धापांचा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास, त्यात बाहेरची हवाही तेवढीच तापलेली. मग चोच उघडून धापा टाकण्याशिवाय तिच्याकडे फारसा उपाय उरत नाही.

अशा दिवसांत ‘सिट्रुलिन पाजू का?’ हा प्रश्न येतोच. हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांची बनतात त्या जातीतलं द्रव्य) पहिल्यांदा कलिंगडातून वेगळं काढलं, नावही कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून पडलं. जपानच्या क्यूशू विद्यापीठात लेअरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळतात त्या कोंबड्यांच्या, पिलांना ते तोंडावाटे दिलं, तेव्हा अंगाचं तापमान उतरलं. आर्जिनिन आणि ऑर्निथिन ही त्याचीच भावंडं, पण त्यांनी हे साधलं नाही. शरीरात सिट्रुलिनचं आर्जिनिन होतं, त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. आतली उष्णता कातडीपर्यंत यायला त्याची मदत होत असावी. मग थेट आर्जिनिन देऊन तसं का झालं नाही, हे मात्र यातून उलगडत नाही.

मात्र हे निकाल लहान पिलांचे आहेत, आणि त्यांना डोस मोजून पाजला होता. उन्हाळ्यात खरी मरतूक होते ती पाचव्या-सहाव्या आठवड्यातल्या, अंगाने भरलेल्या ब्रॉयलरची (मांसासाठीच्या कोंबडीची), आणि तो पितो तहानेपुरतं. पत्र्यावरची काळी टाकी तापली, निपलमधून (पाइपाला लावलेल्या, चोचीने दाबून पाणी प्यायच्या तोटीतून) कोमट पाणी येऊ लागलं की तेही पीत नाही. मग पाण्यात कालवलेली तुमची सिट्रुलिनची महागडी पावडर टाकीतच राहते. म्हणून आधी टाकीवर सावली करा, पाइपावर ओलं बारदान गुंडाळा आणि दुपारी दर तासाला लाइनीतलं तापलेलं पाणी सोडून द्या. एवढं झाल्यावर पैसे उरले तर पावडरीचं बघू.

द्यायचंच असेल तर पशुवैद्यकाला विचारून, ऊन चढायच्या आत सकाळी द्या. दोन-तीन तासांत संपेल एवढंच पाणी कालवा, नंतर लाइन धुवून काढा; अमिनो आम्लाच्या पाण्यावर जंतू झपाट्याने वाढतात, पाइपात बुळबुळीत थर धरतो. लसीच्या पाण्यात काहीही मिसळू नका.

आणखी एक गैरसमज. अमिनो आम्ल चांगलं म्हणून काही जण खाद्यात सोयापेंड वाढवतात. हे अगदी उलटं होतं! जादा प्रथिनं पचवताना अंगात जादा उष्णता तयार होते. उन्हाळ्यात एकूण प्रथिनं थोडी कमी ठेवून लायसिन, मेथिओनिन ही गरजेची अमिनो आम्लं तेवढी वरून देणं बरं. फॉर्म्युला आहारतज्ज्ञाकडूनच बदलून घ्या.

खाद्य सकाळी ९-१०च्या सुमारास उचला, ऊन उतरल्यावर पुन्हा द्या, रात्री लाइट लावून राहिलेली भूक भागवा. छतावर चुना किंवा उसाचं पाचट टाका. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) उत्तम चालतो. कोकणात आणि गोव्यात हवा आधीच दमट, तिथे फॉगरपेक्षा पंखे वाढवा. नाहीतर लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) भिजून अमोनियाचा वास सुटेल.

परसात पाच-दहा गिरीराज जातीच्या कोंबड्या असतील तर कलिंगडाच्या साली चिरून टाकायला हरकत नाही. त्यातल्या सिट्रुलिनने ताप उतरेल या भरवशावर मात्र राहू नका. कोंबड्या आवडीने टोचतात, पोटात पाणी जातं, एवढा फायदा पुरे. उरलेल्या साली संध्याकाळी उचला, माश्या येतात.