टाकी आली म्हणून लगेच मासे नकोत: नव्या शौकिनांनी या चुका टाळा

सगळ्यांत मोठी चूक पहिल्याच दिवशी होते. वाढदिवसाला टाकी येते, संध्याकाळी पाणी भरलं जातं आणि रात्री तिच्यात आठ-दहा मासे फिरत असतात. आठवडा सरायच्या आत एकेक मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागतो. नीट पाहिलं तर त्याचे कल्ले लालभडक झालेले दिसतात. घरातली माणसं दुकानदाराला दोष देतात, पण बहुतेक वेळा मासे चांगले असतात. पाणीच तयार झालेलं नसतं.

माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठत राहतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणू वाढले, तर त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विषासारखी, नायट्रेट त्या मानाने सौम्य आणि पाणी बदलून कमी करता येण्याजोगं. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नको. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका (ते कुजून झालेल्या अमोनियावरच जिवाणू वाढतात) आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊन नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या स्पंजचा तुकडा मिळाला तर हे काम लवकर होतं.

मध्येच पाणी दुधाळ दिसायला लागतं. इथे बरीच मुलं घाबरून टाकी रिकामी करतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तसं करू नका, थोड्या दिवसांत पाणी आपोआप निवळतं.

गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुतेकदा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं. पीएच 6 च्या खाली गेला की जिवाणूंचं काम फार मंदावतं. गप्पी आणि मोली या माशांना तर थोडं कठीण पाणीच मानवतं. पाणी थोडं कठीण करण्यासाठी, घरात जेवायला तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) झाल्या की उरलेल्या शिंपल्या उकळून, घासून स्वच्छ करा, फोडा आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा. नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्यात क्लोरीन असतं, म्हणून ते बादलीत एअर पंप लावून दिवसभर ठेवा किंवा अँटी-क्लोरीन वापरा. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. पाणी बदलताना काढलेल्या टाकीतल्याच पाण्यात तो हलकेच पिळा.

आता मासे किती आणि कोणते. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि 1000 ने भागा. 60 × 30 × 30 ची टाकी 54 लिटरची भरते, खडी घातल्यावर पाणी त्याहून कमीच मावतं. एवढ्या जागेत आधी 6 झेब्रा डॅनिओ सोडा, दोन-तीन आठवडे पाणी तपासा, मग हवे तर काही नर गप्पी. नरच म्हणतोय, कारण मादी महिन्याच्या अंतराने वीस-तीस पिल्लं सहज देते, आणि दुकानातून एकटी आणलेली मादीसुद्धा पोटात साठवलेल्या शुक्राणूंवर कित्येक महिने पिल्लं देत राहते.

दुकानात बोटाएवढा दिसणारा 'शार्क' हा खरं तर पंगास मासा, वाढला की मीटरभर होतो. ऑस्कर 30 सेंटीमीटरपर्यंत जातो. गोल्डफिश 20 च्या पुढे वाढतो आणि घाणही खूप करतो, त्याला गोल भांड्यात कोंबणं हा सरळ छळ आहे. फायटरचा नर एका टाकीत एकच. मासा घेताना त्याचं आजचं माप न बघता तो केवढा होणार हे विचारा.

चतुर्थीला सगळं घर गावी निघतं, तेव्हा जाता जाता मूठभर खाद्य टाकण्याची चूक हमखास होते. धडधाकट मोठा मासा पाच-सहा दिवस उपाशी आरामात राहतो, कुजलेल्या खाद्याने मात्र टाकी दोन दिवसांत नासते. एरवीही दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. पावसात वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

मासा टाकीला मोठा झाला म्हणून देवळाच्या तळीत किंवा गावच्या व्हाळात सोडणं हे पुण्य नाही. 'काच साफ करणारा' म्हणून विकला जाणारा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आंध्र, केरळ आणि कोलकात्याच्या पाणथळींत तो पसरलाय. काठ पोखरतो, कोळ्यांची जाळी फाडतो. आपल्या तळ्यांत आणि व्हाळांत कालुंदरासारखे इथले मासे आहेत, त्यांच्या वाट्याला हे येऊ नये. म्हणून पैसे देण्याआधीच दुकानदाराला स्पष्ट विचारा: मोठा झाल्यावर परत घ्याल का? तो नाही म्हणाला, तर तो मासा घेऊ नका.