सुशी-भात आणि फळांचे जार: या चुका टाळा

सकाळी आठला फोटोत देखणा दिसलेला जार दुपारी एकला उघडावा, तर तळाशी पाणी, मधे टणक भात आणि वर काळं पडलेलं सफरचंद. असं झालं की रेसिपीला दोष दिला जातो. दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो: भातात किती राहिलं, फळातून किती सुटलं, झाकणाला आतून किती लागलं. त्याखालोखाल तापमानाचा. पुढच्या चुका फिरून फिरून या दोन गोष्टींवरच येतात.

आधी एक गैरसमज दूर करू. जार करताना डोळ्यांसमोर सुशीचा रोल आणू नका. रोल कापायचा असतो, म्हणून त्यातला भात घट्ट धरून राहावा लागतो. जार चमच्याने खायचा असतो. जपानमधला याच्या जवळचा प्रकार म्हणजे चिराशी-झुशी: व्हिनेगर लावलेला भात वाडग्यात किंवा पसरट डब्यात घ्यायचा आणि वर भाज्या, अंडं, मासे पेरायचे. ३ मार्चला मुलींचा हिनामात्सुरी सण असतो, तेव्हा हा घरोघरी होतो. त्यातला भात ओलसर असतो, पण दाणा ओळखू येतो. आपल्याला तोच हवा.

तांदूळ चुकला की पुढचं सगळं चुकतं

बासमती नको. लांब दाण्यात अमायलोज नावाचं स्टार्च जास्त असतं. त्यामुळे भात मोकळा होतो, पण फ्रिजमध्ये गार झाला की कडक पडतो. जपानी आखूड दाण्यात अमायलोज कमी, म्हणून तो गार झाल्यावरही मऊ राहतो. कोलमही या कामाला कोरडा पडतो. दुकानात सुशी तांदूळ महाग वाटत असेल तर इंद्रायणी घ्या. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहराच्या संकरातून आलेला हा तांदूळ थोडा चिकट आणि मऊ शिजतो. वास जपानी तांदळापेक्षा वेगळा येणार, तो चालवून घ्यायचा. आंबेमोहरही चालतो, फक्त तो लवकर मोडतो.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे "चिकट हवा ना" म्हणून थाई पदार्थांसाठीचा ग्लुटिनस तांदूळ आणणं. त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच आणि तो भिजवून वाफवावा लागतो. नेहमीसारखा पाण्यात शिजवलात तर खळ होईल.

धुणं, भिजवणं, पाणी

मोजमापासाठी २०० ग्रॅम तांदूळ धरू. शिजून साधारण ४५० ग्रॅम भात होतो, म्हणजे मध्यम आकाराचे तीन जार.

तीन-चार पाण्यांनी धुवा. पाणी अगदी नितळ व्हायची गरज नाही, दुधाळपणा गेला की पुरे. न धुतलेल्या तांदळाची पेज दाण्याभोवती चिकटते आणि व्हिनेगर आत जाऊच देत नाही. मग ३० मिनिटं भिजवा आणि चाळणीत १० मिनिटं निथळू द्या. घाईत निथळणंच गाळलं जातं, आणि भिजलेल्या तांदळाबरोबर भांड्यात गेलेलं तेवढंसं पाणी भात आसट करायला पुरतं.

पाणी इंद्रायणीला कोरड्या तांदळाच्या आकारमानाच्या सव्वापट. तांदूळ नवा असेल तर एकास एकच्या किंचित वर. नवा आणि जुना यांत पडणारा फरक कुठल्याही पाकिटावर लिहिलेला नसतो, त्यामुळे पोतं बदललं की पहिल्यांदा थोडाच करून बघा. जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून उकळी आणा, आच अगदी मंद करून १२ मिनिटं, मग गॅस बंद करून १० मिनिटं झाकण न उघडता ठेवा. कुकरच्या तीन शिट्ट्या वरण-भाताला ठीक, इथे दाणा फुटतो.

भात गिच्च झाला आणि व्हिनेगर घालायच्या आधी लक्षात आलं, तर सरळ दहीभात करा. जारसाठी तो पंख्याखाली कितीही वाळवला तरी वरून कोरडा, आतून चिकटच राहणार. उलट मधे कणी राहिली असेल तर दोन मोठे चमचे कढत पाणी शिंपडून झाकण ठेवा आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं द्या. हेही व्हिनेगरच्या आधीच. नंतर गरम करायला गेलात तर व्हिनेगर थोडं वाफेबरोबर उडून जाईल.

व्हिनेगर: कोणतं, किती, कधी

वर सांगितलेल्या मापाच्या भाताला ३५ मिली राईस व्हिनेगर, दीड मोठा चमचा साखर, पाऊण लहान चमचा मीठ. साखर विरघळेपर्यंतच कोमट करा, उकळू नका. साखर फक्त चवीसाठी नाही: ती पाणी धरून ठेवते आणि भात कडक पडायचा वेग कमी करते. "साखर नको" म्हणून ती पूर्ण काढली की दुसऱ्या दिवशीचा भात टचटचीत लागतो.

चायनीजच्या गाडीवर असतं ते पांढरं सिंथेटिक व्हिनेगर इथे घशाला लागतं. राईस व्हिनेगर नसेल तर अॅपल सायडर व्हिनेगर २५ मिली आणि पाणी १० मिली. लिंबूही चालतं, पण त्याचा ताजेपणा दुसऱ्या दिवशी उरत नाही.

मिश्रण भात गरम असतानाच घालायचं, गार भात ते शोषत नाही. जपानमध्ये हांगिरी नावाचं लाकडी पसरट भांडं वापरतात, ते जादा ओल ओढून घेतं. आपली स्टीलची परात काही ओढून घेत नाही, म्हणून मिश्रण तीन वेळा थोडं थोडं शिंपडा. उलथणं आडवं धरून भात कापल्यासारखा फिरवा, घोटू नका. एकीकडे वारा घाला. पाच मिनिटांत दाण्यांवर चकाकी आली आणि परातीच्या तळाशी ओल दिसत नसेल तर जमलं. पितळेच्या परातीचा मोह होईल, पण कल्हई गेलेली असेल तर आंबट भात त्यात पसरू नका: धातूची चव उतरते आणि ते पोटालाही वाईट.

गरम भरून झाकण लावणं

सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. गरम भाताची वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन खाली पडते आणि वरचं फळ भिजवते. जपानी बेंटोतही भात आधी निववतात आणि मगच झाकण लावतात.

पण निववायला म्हणून ओट्यावर तीन तास ठेवून देणं त्याहून वाईट. तांदळात बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की वाढतात. त्यातला एक प्रकार जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि उलट्या सुरू होतात. म्हणून भात परातीत दोन सेंटिमीटरपेक्षा पातळ पसरा, वर ओलसर पिळलेलं फडकं टाका आणि पंख्याखाली ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात तो हाताला गार लागतो. लगेच जार भरून फ्रिजमध्ये.

"व्हिनेगर आहे, टिकेल" यावर विसंबू नका. जिथे सुशी-भात बाहेर ठेवतात ती व्यावसायिक स्वयंपाकघरं त्याचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप) मोजून ठेवतात. घरी चवीने तो कळत नाही, आणि गोड आवडतं म्हणून व्हिनेगर कमी केलं असेल तर अजिबातच नाही.

फ्रिजमध्ये भात कडक का होतो

कारण ४ अंशांच्या आसपास शिजलेलं स्टार्च सगळ्यांत वेगाने पुन्हा घट्ट होतं. म्हणजे सुरक्षिततेसाठी फ्रिज हवा आणि मऊपणासाठी नको, अशी ही अडचण. यावर पूर्ण उपाय नाही, तडजोडी आहेत. तांदूळ आखूड दाण्याचा घ्या, साखर ठेवा, व्हिनेगरबरोबर एक लहान चमचा तिळाचं किंवा कुठलंही बिनवासाचं तेल घाला. जार खाण्याआधी १५-२० मिनिटं बाहेर काढा. ऑफिसात मायक्रोवेव्ह असेल तर फळं ताटलीत काढा, धातूचं झाकण बाजूला ठेवा आणि नुसता भात ३० सेकंद फिरवा. फळांच्या थराखाली लेट्यूसचं पान ठेवलं असेल तर थर एकगठ्ठा उचलता येतो, आणि तेच पान फळाचं पाणी भातात उतरू देत नाही.

फळं: कुठलं, कुठल्या थरात

कलिंगड, खरबूज जारमध्ये नकोत. चार तासांत ते इतकं पाणी सोडतात की खालचा भात पोहतो. हापूस पिकलेला असेल तर फोडी लोळागोळा होतात. जारला तोतापुरी किंवा थोडा टणक केशर बरा. द्राक्षं अख्खी ठेवा. संत्र्याच्या फाकी पापुद्र्यासकट. डाळिंब आणि स्ट्रॉबेरी रंग सोडतात, त्यामुळे त्यांचा भाताला थेट स्पर्श नको. स्ट्रॉबेरी धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून, अगदी वर. केळं नेऊच नका.

सफरचंद, पेअर काळे पडतात ते चिरल्यावर हवा लागून. एक वाटी पाण्यात पाव लहान चमचा मीठ घालून फोडी पाच मिनिटं बुडवा आणि टिपून घ्या. अवोकाडोला लिंबू चोळा आणि तो जमेल तर खातानाच चिरा.

आता ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही ते. कच्चं अननस, किवी आणि पपई यांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. त्यांच्या शेजारी पनीर, क्रीम चीज, दही किंवा टोफू ठेवलं तर दुपारपर्यंत ते बुळबुळीत होतं, आणि दुधाचे पदार्थ तर चक्क कडू लागतात. जार खराब झाला समजून लोक टाकून देतात. खरं तर तो नासलेला नसतो, जोडी चुकलेली असते. अननस हवंच असेल तर फोडी तीन-चार मिनिटं तव्यावर चांगल्या गरम करा किंवा हवाबंद डब्यातलं वापरा. उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. किवी शिजवून खाण्यात मजा नाही, तिच्याबरोबर एडामामे (कोवळे हिरवे सोयाबीन) किंवा भाजलेले शेंगदाणे द्या.

काकडीला मीठ चोळून १० मिनिटं ठेवा आणि पिळून घ्या. १०० ग्रॅमला पाव लहान चमचा मीठ पुरे. या एका कामाने तळाशी साचणारं निम्मं पाणी कमी होतं. बिया मोठ्या असतील तर काढा.

थर

जार ४०० ते ५०० मिलीचा, रुंद तोंडाचा. लोणच्याच्या निमुळत्या बरणीत चमचा तळापर्यंत जात नाही. तळाशी १५० ग्रॅम भात, त्यावर पिळलेली काकडी आणि गाजराचा कीस, मग अंड्याच्या पट्ट्या किंवा टोफू, लेट्यूसचं पान, वर फळं, शेवटी भाजलेले तीळ. वर दीड सेंटिमीटर जागा मोकळी. भाताचे तीन-चार पातळ थर फोटोला छान, पण प्रत्येक थराला दोन्हीकडून पाणी लागतं. एकच थर करा, फार तर दोन.

भात चमच्याच्या ओल्या पाठीने फक्त सपाट करा. दाबला की बर्फीसारखा थापला जातो आणि थंड झाल्यावर चमचा वाकतो.

कच्चा मासा घरच्या जारमध्ये घालूच नका. कोळंबी पूर्ण शिजवून, गार करून चालेल.

नोरी, म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात तो समुद्री शेवाळाचा कागद, आतमध्ये घालू नका. ती काही मिनिटांत ओल ओढते आणि चिवट होते, नंतर काही करता येत नाही. झिपच्या पिशवीत वेगळी न्या, खाताना तोडा. घरीच नरम पडली असेल तर गॅसवर दोन-तीन सेकंद दुरून शेका. सोया सॉसही वेगळ्या बाटलीत: एका लहान चमच्यात जवळजवळ एक ग्रॅम मीठ असतं, आणि भातात आधीच मीठ आहे. वर ओतून नेलात तर तळचा भात तपकिरी आणि खारट, वरचा फिका.

गोड जार

व्हिनेगरऐवजी नारळाचं दूध घालून आंबा-भात करतात, त्यात दोन चुका ठरलेल्या. थायलंडचा खाओ नियाव मामुआंग कोमट किंवा घरातल्या तापमानाला खातात. तो फ्रिजमध्ये ठेवला की दुधातली चरबी गोठते आणि भात मेणचट लागतो. म्हणून दाट दूध ओतू नका: २०० ग्रॅम तांदळाच्या भाताला १०० मिली मध्यम दाट दूध, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, गरम करून मिसळा. दुसरी चूक म्हणजे हा जार व्हिनेगरच्या जारइतका टिकेल असं मानणं. यात आम्ल नाही आणि नारळाचं दूध स्वतःच लवकर आंबतं. तो त्याच दिवशी, बर्फाच्या पॅकसकटच न्यायचा.

नेताना

मुंबईच्या लोकलमध्ये किंवा एप्रिलमधल्या पुण्यात जार नुसताच बॅगेत ठेवू नका. उष्णतारोधक पिशवी आणि पूर्ण गोठलेला बर्फाचा पॅक, तोही जारच्या बाजूला. तळाशी ठेवलात तर वरची फळं गरमच राहतात. ऑफिसात पोचल्यावर फ्रिजमध्ये. पॅक वितळून जार कोमट झाला असेल आणि तसाच दोन तासांपेक्षा जास्त राहिला असेल, तर वास ठीक असला तरी टाका. फ्रिजमध्ये व्हिनेगरचा भात दोन दिवस ठीक. चिरलेली फळं रोज सकाळी भरा.

धुतलेल्या जारला व्हिनेगरचा वास राहतो तो काचेला नाही, झाकणाच्या रबराला. रबर काढून सोडा घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.