पहिला आयएमएफ फेकण्याआधी: सिस्मिक डेटातल्या या चुका टाळा

ईएमडी (एम्पिरिकल मोड डीकम्पोझिशन, सिग्नल झरझर ते संथ घटकांत सुटा करणारी पद्धत) याचं तयार पॅकेज मिळतं, कोडच्या दोन ओळींत ट्रेसचे (जमिनीच्या कंपनाच्या एका नोंदीचे) घटक, म्हणजे आयएमएफ (इंट्रिन्सिक मोड फंक्शन), सुटे होतात आणि तिसरी ओळ विचार न करता लिहिली जाते: पहिला आयएमएफ म्हणजे नॉईज, टाका काढून. हे बघून बघून वीट आलाय, म्हणून आधी त्याबद्दलच.

पहिल्या आयएमएफमध्ये सगळ्यात झरझर हलणारं जे काही असेल ते जातं. तो नॉईजच असेल असं कोणी लिहून दिलेलं नाही. बेकारा आणि व्हॅन डर बान या संशोधकांनी 2009 मध्ये हीच युक्ती एफ-एक्स (फ्रिक्वेन्सी आणि जागा) डोमेनमध्ये वापरली: एकेक फ्रिक्वेन्सी धरायची आणि ट्रेसमागून ट्रेस चालत जायचं. आडवं रिफ्लेक्शन (खडकाच्या थरावरून परतलेली लाट) या वाटेवर फारसं बदलत नाही, रँडम नॉईज मात्र उड्या मारतो आणि पहिल्या आयएमएफमध्ये सापडतो. पण तीव्र उताराचं रिफ्लेक्शनही उड्या मारतंच! दर ट्रेसला 5 मिलिसेकंद उतार असेल, तर 50 हर्ट्झला चार ट्रेसमध्ये अख्खं एक चक्र पूर्ण होतं. ईएमडीच्या लेखी ते आणि नॉईज एकाच माळेचे मणी.

सौराष्ट्रातली सिस्मिक सर्व्हेची एक लाइन होती. वर डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट, त्याखाली मेसोझोइक गाळाचे खडक. बेसॉल्ट ऊर्जा विखरून टाकतो, त्यामुळे खालून येणारा सिग्नल मुळातच क्षीण. नव्या मुलाने ईएमडी लावून स्टॅक (एकाच जागेच्या अनेक ट्रेसची बेरीज करून काढलेलं चित्र) आणला, आरशासारखा लख्ख. "सर, बघा किती साफ झालाय." म्हटलं, "साफ झालाय खरा. काय काय साफ केलंस ते दाखव." डिफरन्स सेक्शन (आधीचं वजा नंतरचं, म्हणजे जे काढून टाकलं ते) त्याने काढला होता, पण वेगळ्या गेनवर (चित्र किती पट ठळक करायचं तो आकडा), त्यामुळे तो करडा आणि निरुपद्रवी दिसत होता. मूळ स्टॅकच्या गेनवर लावला तर फॉल्टजवळचं तिरकं रिफ्लेक्शन आणि डिफ्रॅक्शनच्या (तुटलेल्या कडेवरून विखुरलेल्या लाटांच्या) शेपट्या त्यात स्वच्छ उभ्या. ज्यासाठी लाइन मारली, तेच केरात! मायग्रेशनला (लाटा त्यांच्या खऱ्या जागी नेऊन बसवणाऱ्या पायरीला) मग काय गोळा करायला द्यायचं?

माझी सवय अशी की आधी डिफरन्स बघायचा, निकाल नंतर. गेन तोच, रंगपट्टी तीच. डिफरन्समध्ये बोटाने गिरवता येईल अशी एकही रेघ दिसली तर परत मागे. ईएमडी लावायचाच तर छोट्या खिडक्या घेऊन, उतार सपाट करून. उतार फारच आडवेतिडवे असतील तर मी सरळ एसएसएकडे (सिंग्युलर स्पेक्ट्रम ॲनालिसिस) वळतो. तिथेही रँक (किती मुख्य घटक ठेवायचे तो आकडा) म्हणजे ढोबळमानाने खिडकीतल्या वेगवेगळ्या सरळ उतारांची संख्या. वाकडी रिफ्लेक्शन्स मोठ्या खिडकीत घेऊन रँक 2 ठेवणाऱ्यांनी नंतर 'पद्धत चालत नाही' म्हणून येऊ नये.

दुसरी चीड व्हीएमडीची (व्हेरिएशनल मोड डीकम्पोझिशन, इथे मोड म्हणजे घटक किती ते आधीच सांगावं लागतं). 2014 मध्ये ही पद्धत आली आणि मोड मिक्सिंग (वेगवेगळे घटक एकमेकांत मिसळणं) संपलं अशी समजूत पसरली. ते संपलं नाही, मोडची संख्या तुम्ही चुकीची दिलीत की दुसऱ्या दाराने येतं. संख्या कमी पडली तर दोन घटक एका मोडमध्ये कोंबले जातात, जास्त झाली तर एकाच घटकाचे दोन तुकडे होतात. अल्फा (मोडचा फ्रिक्वेन्सीपट्टा किती अरुंद ठेवायचा ते ठरवणारी संख्या) 2000 हा आकडा कुठल्या तरी उदाहरणातून उचललेला असतो. तो का, हे विचारलं की शांतता. मी मोडच्या मध्यफ्रिक्वेन्सी छापून बघतो. दोन शेजारी अगदी चिकटले की एक कमी करतो. पाच मिनिटांचं काम, पण तेवढा धीर हवा ना.

ईईएमडीमध्ये (मुद्दाम नॉईज घालून ईएमडी अनेकदा चालवायचा आणि सरासरी घ्यायची) घातलेला नॉईज सरासरीने मरतो, पण वर्गमुळाच्या चालीने. 0.2 पातळीचा नॉईज घालून 100 फेऱ्या केल्या तरी 0.02 उरतोच. दहा फेऱ्यांत उरकणारे आपणच घातलेला नॉईज पुढे पाठवतात.

ट्रेसची टोकं आरशासारखी उलटवून वाढवा, नाहीतर स्प्लाइन (ईएमडी शिखरांमधून काढतो ती वक्र रेघ) तिथे भरकटतो.

एजीसी (ऑटोमॅटिक गेन कंट्रोल, क्षीण भाग आपोआप मोठा करणारी प्रक्रिया) आधी लावू नका.

50 हर्ट्झची विजेची गुणगुण रँडम नाही. ती आधी वेगळी काढा. स्पाइक आणि मेलेले ट्रेसही आधीच मारा, विशेषतः एसएसएपूर्वी. एक बिघडलेला ट्रेस अख्खी खिडकी नासवतो.

आणि फोल्ड (एका जागेसाठी बेरजेत येणाऱ्या ट्रेसची संख्या) 60 असेल तर नुसत्या स्टॅकिंगनेच सिग्नल-नॉईज गुणोत्तर पावणेआठपट सुधारतं. प्रत्येक शॉट गॅदरवर (एका शॉटच्या सगळ्या ट्रेसवर) रात्रभर ईएमडी पळवण्याआधी साधा स्टॅक काढून बघा.