बांधावरचा मारवेल ओळखा, त्यावर तणनाशक मारू नका

परतीचा पाऊस थांबला की उसाच्या बांधांवर तणनाशकाचे पंप फिरू लागतात. त्यात काँग्रेस गवताबरोबर मारवेलही जळतो. बांधावर आपोआप येणारी इतकी चांगली वैरण जाळून पुन्हा वैरण विकत आणणं परवडणारं नाही. म्हणून फवारण्याआधी बांध एकदा चालून बघा.

मारवेलची एक काडी उपटा आणि पेर डोळ्यांजवळ धरा. पेराभोवती पांढऱ्या आखूड केसांचं कडं दिसेल. शेंड्याला एकाच जागेतून हाताच्या बोटांसारखे जांभळट तुरे फुटतात, कधी दोन-तीन, कधी सात-आठ. हरळीचा तुराही असाच, पण तिला कुसळं नसतात आणि ती जमिनीला धरून पसरते. मारवेलला बारीक कुसळं असतात आणि त्याचा ठोंब होतो. पन्हाळा, शाहूवाडीच्या डोंगरउतारांवरची कुसळी वेगळी. तिच्या काडीला एकच तुरा, आणि वाळल्यावर लांब काळपट कुसळं एकमेकांत पिळून गुंता होतो. ती जनावरांच्या तोंडात टोचतात, मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात. कुसळी कुसळं धरायच्या आतच कापावी.

मारवेल फुलोऱ्यावर येऊ लागला की विळा लावा. उशीर झाला तर काडी निबर होते आणि जनावर ती टाकून देतं. बुडाशी 10 सेंटिमीटर तरी राखा, फुटवा चांगला येतो.

सगळा बांध मात्र एकदम साफ करू नका. ओढ्याकडचा एखादा तुकडा बी झडेपर्यंत उभा ठेवा. मुनियांचे थवे या बियांवर जगतात. लाव्यांची वीण पाऊस संपताना सुरू होते आणि त्यांचं घरटं जमिनीवरच, ठोंबाच्या आडोशाला असतं. त्यामुळे कापणी एका टोकाकडून राखलेल्या तुकड्याकडे न्यावी. दोन्हीकडून कापत आलात तर लावे आणि ससे मधे कोंडतात. घरटं दिसलंच तर भोवतीचं गवत तसंच सोडा, वैरणीचा एखादा भारा कमी झाला तरी चालेल.

ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं तर आग बांधावर चढते आणि हे सगळं संपतं. पाचट सरीतच कुजवा.

बांध उघडा पडला असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला जुने ठोंब मुळांसकट फोडून लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाणही दिले आहेत, पण बांधासाठी आपल्याच शिवारातले ठोंब पुरेसे आहेत.