माणूस एक, नोंदी तीन

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने सॉफ्टवेअरची आखणी शिकताय, तर क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. संस्था बागायतदारांकडून सुपारी घेते आणि त्यांनाच खत, किराणा विकते. शिकवल्याप्रमाणे मी कामाच्या टिपणातली नामं अधोरेखित केली आणि ‘व्यक्ती’ या क्लासखाली तीन सबक्लास, म्हणजे त्याचे उपप्रकार, काढले: सभासद, विक्रेता, ग्राहक. आकृती सुरेख दिसत होती.

पहिल्याच हंगामात कुळागरवाले, म्हणजे सुपारीची बाग असलेले, एक आजोबा सुपारीचे पैसे न्यायला आले. ते तिन्ही होते, म्हणून त्यांच्या नोंदीही तीन. खताची उधारी वजा न होताच पूर्ण रक्कम त्यांच्या हाती गेली. हिशेबनीस काकांनी जुनी खातेवही माझ्यापुढे उघडली. एका माणसाला एक पान, त्यावरच जमा, त्यावरच नावे. “माणूस एकच रे बाबा,” एवढंच म्हणाले. मला रात्रभर झोप लागली नाही.

सभासद ही व्यक्तीच असते, मग सबक्लास का नको? कारण जावासारख्या प्रोग्रामिंग भाषेत ऑब्जेक्ट एकदा तयार झाला की त्याचा क्लास बदलत नाही. माणूस मात्र आज ग्राहक असतो, उद्या सभासद होतो, परवा शेअर वारसाच्या नावे करतो. म्हणून ‘व्यक्ती’ एक ठेवा आणि तिला ‘भूमिका’ जोडा, प्रत्येक भूमिकेला सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख द्या. सबक्लास काढण्याआधी स्वतःला विचारा: हे उद्या बदलेल का? एकाच वेळी दोन्ही असू शकेल का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर तिथे सबक्लास काढूच नका.

यूएमएल, म्हणजे अशा आकृत्या काढायची चिन्हभाषा, १९९७ पासून मानक आहे, त्याची चिन्हं आठवड्यात येतात. त्यांना घाबरू नका. तयार आकृती हातात देणाऱ्या गुरूपासून मात्र जपा. तुमच्याबरोबर वजनकाट्यापाशी उभा राहील असा शोधा. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरांनी १९८९ मध्ये मांडलेली सीआरसी कार्डं मला कुठल्याही महागड्या टूलपेक्षा जवळची वाटतात: क्लासचं नाव, त्याची जबाबदारी, त्याचे सहकारी क्लास, बस. काकाही ती वाचू शकतात.

चूक झाली तरी सावरता येते, वेळ लागतो. आम्ही दुहेरी नोंदी जुळवत दोन महिने बसलो. एकाच वाड्यावर एकाच नावाचे दोघे निघाले की काका घराचं नाव सांगायचे, मी ते टिपून घ्यायचो.