पावले मोजणारी नाडी: मनगटावरच्या सेन्सरबाबत या चुका टाळा

जळगावच्या मेहरूण तलावाभोवती सकाळी फिरताना ओळखीच्या एका आप्पांनी नाडी मोजणारे घड्याळ बांधलेले मनगट पुढे करून मला विचारले, “भाऊ, चालताना हे एकशे चौदा दाखवते आणि कट्ट्यावर बसलो की लगेच ऐंशीवर येते, हे बरोबर आहे का?” हृदयाबद्दल डॉक्टरांनी बोलावे, पण घड्याळाबद्दल मला बोलता येत होते. आम्ही पुन्हा चाललो, मी एका मिनिटातली त्यांची पावले मोजली आणि ती ११४ भरली. खरी नाडी थांबल्यानंतर हळूहळू उतरते. बसताक्षणी चौतीस ठोक्यांनी कोसळत नाही. घड्याळ इमानदारीने मोजत होते, फक्त भलतेच काहीतरी मोजत होते.

असे का होते, हे कळले की निम्म्या चुका आपोआप टळतात. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो, रक्त त्यातला काही भाग शोषते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात अगदी थोडा, साधारण एक-दोन टक्क्यांचा किंवा त्याहूनही कमी बदल होतो. हात झुलताना सेन्सर केसभर सरकला, तरी होणारा बदल याच्या कित्येक पट मोठा असू शकतो. शिवाय माणसाची नाडी मिनिटाला ३० ते २४० ठोके, म्हणजे ०.५ ते ४ हर्ट्झ (सेकंदाला तितके ठोके) या पट्ट्यात असते, आणि चालण्याची १००-१२० व धावण्याची १६०-१८० पावले नेमकी त्याच पट्ट्यात येतात. म्हणून ‘बँडपास फिल्टर लावला, आता नॉइज गेला’ ही समजूत सर्वांत आधी सोडावी. ठरावीक पट्ट्याबाहेरच्या वारंवारता गाळणारा तो फिल्टर दिव्यांचा झगमगाट आणि श्वासासोबतचा संथ चढउतार कमी करतो, पण पावलांना सन्मानाने आत घेतो.

पट्टा बांधण्यातली चूक सांगायला क्षुल्लक वाटते, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक बिघाड तिथेच सापडतो. घड्याळ मनगटाच्या हाडावर न बांधता दोन बोटे वर, कोपराच्या बाजूला बांधावे. ते हलवले असता त्वचाही सोबत हलावी, मात्र बोटांना मुंग्या येऊ नयेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा घामामुळे घट्ट पट्टाही घसरू लागतो, म्हणून मध्ये थांबून त्वचा आणि काच दोन्ही पुसावीत. डिसेंबरातल्या पहाटेच्या थंडीत उलटी अडचण येते: त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे मूळ सिग्नलच क्षीण होतो, तेव्हा पाच-दहा मिनिटे अंग गरम करून मगच नोंद सुरू करावी. खानदेशात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे गोंदण. शाई प्रकाश शोषून घेते, त्यामुळे गोंदलेल्या जागेवर सेन्सर ठेवून पट्टा कितीही आवळला तरी उपयोग होत नाही. कोरी जागा शोधावी किंवा दुसरा हात वापरावा. सैल कडे किंवा बांगड्या घड्याळाला धक्के देत असतील, तर त्यासाठीही हात बदलावा.

आता ज्यांना असा बँड स्वतः बनवायचा आहे, त्यांच्याविषयी. अभियांत्रिकीच्या मुलांच्या प्रकल्पांत मॅक्स३०१०२ हा स्वस्त सेन्सर सर्रास दिसतो. त्यात लाल आणि इन्फ्रारेड दिवे आहेत. बोटाच्या टोकावर तो छान चालतो, म्हणून मुले तोच मनगटावर बांधतात आणि मग महिनाभर कोडशी भांडतात. इन्फ्रारेड प्रकाश खोलवर जातो, स्नायू आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांची हालचाल सोबत घेऊन येतो. मनगटासाठी हिरवा दिवा त्यामानाने बरा. दुसरे असे की कच्चे आकडे कोणी पाहतच नाही. हा सेन्सर १८ बिटांचा आहे, म्हणजे आकडा २६२१४३ वर चिकटून बसला असेल तर तो काठोकाठ भरला आहे. कापल्या गेलेल्या लाटेतून कोणताही फिल्टर नाडी परत आणू शकत नाही, दिव्याचा करंटच कमी करावा लागतो.

ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल मोजणारा सेन्सर, जोडल्यावर खरी गंमत सुरू होते. कल्पना सरळ आहे: हालचाल वेगळी मोजायची आणि एनएलएमएससारख्या अनुकूली, म्हणजे सिग्नल पाहून स्वतःला बदलत जाणाऱ्या, फिल्टरने ती नाडीच्या सिग्नलमधून वजा करायची. पण तीन अक्षांचे वर्ग करून, बेरीज करून एकच आकडा केला, तर वर्गामुळे वारंवारता दुप्पट होऊ शकते आणि ०.९ हर्ट्झने झुलणारा हात १.८ हर्ट्झचा भासतो. म्हणून तिन्ही अक्ष वेगवेगळे द्यावेत. दोन्ही सेन्सरांच्या नोंदींवरची वेळ एकाच घड्याळाची असावी, कारण ठरावीक उशीर फिल्टर शिकून घेतो, पण सतत सरकणारा उशीर त्याला झेपत नाही. आणि नाडी व पावले एकाच वेगाची झाली, तर हाच फिल्टर पावलांसोबत नाडीही पुसून टाकतो. अशा वेळी आधीच्या काही सेकंदांची नाडी धरून पुढे जावे लागते, आणि ती सुरुवातच चुकली असेल तर चूक तशीच पुढे चालत राहते. म्हणून पहिले अर्धे मिनिट स्थिर उभे राहून नोंद घ्यावी. आठ सेकंदांच्या तुकड्याचे एफएफटी (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवणारे गणित) केले तर दोन शेजारच्या रेषांमध्ये ०.१२५ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला साडेसात ठोक्यांचे अंतर असते. तुकड्याच्या शेवटी शून्ये जोडून आलेख गुळगुळीत दिसतो, पण जवळजवळचे दोन वेग त्यामुळे वेगळे होत नाहीत.

चाचणीतली चूक सर्वांत फसवी असते. २०१५ च्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘सिग्नल प्रोसेसिंग कप’ स्पर्धेमुळे प्रसिद्ध झालेल्या १२ जणांच्या ट्रेडमिलवरच्या नोंदींवर पुष्कळ जण आपली पद्धत तपासतात आणि समाधान मानतात. ट्रेडमिलवरची हालचाल तालबद्ध असते, घरातली आणि शेतातली तशी नसते. भाकरी थापताना तळहाताला ताल असतो, पण पीठ मळताना तो मोडतो; केळीचा घड धरताना तर मूठ आवळल्यामुळे कंडरा सेन्सरखाली सरकतात, हात जवळजवळ स्थिर असल्याने ॲक्सेलरोमीटरला काहीच कळत नाही, आणि वजा करायला हालचालच हाती लागत नाही. अशा कामांच्या वेळी छातीचा पट्टा, त्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करून, सोबत बांधावा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. छातीचा पट्टा नसेल तर थांबल्याबरोबर नाडीवर बोटे ठेवून १५ सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणावे.

दहा-वीस सेकंदांची सरासरी काढून आकडा शांत करणे हा मला तरी सुधारणेचा नव्हे, तर झाकापाकीचा प्रकार वाटतो, कारण पावलांना चिकटलेला चुकीचा आकडा मुळातच शांत असतो. खात्री नसेल तेव्हा पडद्यावर दोन आडव्या रेघा दाखवणे अधिक प्रामाणिक. आमच्या बँडला हे जमते का, हे पाहण्यासाठी आम्ही तो रावेरच्या एका चांगल्या जाड केळ्याला बांधून हलवला. पहिल्याच प्रयत्नात केळ्याची नाडी लागली आणि हात जोरात हलवला तशी ती वाढतही गेली. सिग्नलचा दर्जा तपासणाऱ्या ओळी त्याच संध्याकाळी कोडमध्ये आल्या.